बुजवलेला पाझर

फार पूर्वी, डोंगरांनाही माणसांची मनं कळायची तेव्हा, अशाच एका डोंगरावर एक विद्यापीठ होतं. दूरदूरची मुलंमुली तिथे शिकायला यायची. प्रत्येकाला डोंगरकड्याला टेकून बांधलेली एक दगडी खोली मिळायची.

त्या डोंगराची एक गंमत होती. ज्याच्या मनात जेवढं दुःख साठेल, तेवढं पाणी त्याच्या खोलीच्या मागच्या भिंतीआड उतरायचं. म्हणून बांधणाऱ्यांनी प्रत्येक भिंतीच्या पायाशी एक भोक ठेवलं होतं. त्याला पाझर म्हणत. पाझरातून पाणी यायचं, पन्हळीतून वाहायचं आणि उंबरठा ओला करून उतारावर निघून जायचं. सकाळी मुलं एकमेकांचे उंबरठे बघत. “काय रे, घरची आठवण आली वाटतं?” असं कुणी विचारी, कुणी गरम काढा आणून देई, आणि सगळे पाठाला जात.

एका वर्षी तिथे एक हुशार तरुण आला. निघायच्या थोडं आधीच त्याची आई गेली होती. काकांनी त्याला बजावलं होतं की आता रडायचं नाही, तू मोठा शिकायला चालला आहेस. तो रडला नाही. पण पहिल्याच सकाळी पाहतो तो काय, सगळ्या रांगेत त्याचाच उंबरठा जास्त ओला! तो शरमला. त्याने चिकणमाती कालवली, चिंध्या कोंबल्या आणि पाझर बुजवून टाकला.

काही दिवस त्याचं कौतुक झालं. काय खंबीर मुलगा आहे, उंबरठा बघा कसा खडखडीत कोरडा, असं सगळे म्हणत. त्यालाही ते आवडलं.

पाणी मात्र उतरतच होतं. भिंतीला पोट आलं. एक दगड हलला. तेव्हा तो पाठीने भिंत रेटून उभा राहिला, आणि मग तसाच उभा राहू लागला. आधी नदीवरचं पोहणं सुटलं, मग पंगतीतलं जेवण, मग पाठाला जाणं. दारातून कुणी हाक मारली की तो आतूनच सांगे, मी मजेत आहे, जरा दमलोय इतकंच. आणि खरोखर त्याला दुःख वाटत नव्हतं. पण समोरचा आंबा मोहोरला, त्याचा आनंदही वाटला नाही. नुसता थकवा होता, हाडांत मुरलेला.

लोक त्याला आयतोबा म्हणू लागले. शेवटी आचार्यांनी निरोप धाडला, की पौर्णिमेपर्यंत पाठाला ये, नाहीतर सामान बांध.

शेजारच्या खोलीत एक बडबडी मुलगी राहायची. तिचा उंबरठा बारा महिने ओला आणि तोंड बारा महिने चालू. पौर्णिमा उद्यावर आली तशी या आळशाला चांगलं खडसवायचं ठरवून तिने दार ढकललं. आत तो भिंतीला पाठ लावून उभा होता. घामाघूम झालेला.

खडसवणं बाजूलाच राहिलं. त्याच्याशेजारी जाऊन तिनेही भिंतीला पाठ लावली. थोड्याच वेळात तिला धाप लागली.

“अरे, हे तू रोज करतोस?” ती म्हणाली. “आणि आम्ही तुला आयतोबा म्हणतो?”

त्याने पाय आणखी घट्ट रोवले. मग हळूच म्हणाला, “पाझर उघडला तर मी वाहून जाईन गं.”

“जाशील तर दारापर्यंत. दारात मी उभी राहते.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. भिंत सोडणं म्हणजे काय, हे त्याचं त्यालाच ठाऊक. तरी तो वाकला. नखांनी माती उकरली, चिंध्या ओढल्या. आधी गढूळ पाणी आलं, मग लोंढाच आला. पोथ्या भिजल्या, अंथरूण तरंगलं, आणि तो पोरगा “आई, आई” म्हणत ओक्साबोक्शी रडला. दारातली मुलगी कमरेपर्यंत भिजली, पण हलली नाही.

पायऱ्यांवरून उतरणारं पाणी पाहून आचार्य धावत आले. त्यांनी फुगलेल्या भिंतीवरून हात फिरवला आणि त्यांची मान खाली गेली. “बाळ, या डोंगरावर तुझ्याइतके कष्ट कुणीच केले नाहीत. आम्हालाच ते दिसले नाहीत,” ते म्हणाले.

सगळं एका दिवसात नीट झालं नाही. गवंड्याने भिंत उतरवून पुन्हा रचली. वैद्यबुवा बरेच महिने येत राहिले. काही सकाळी त्याला अंथरुणातून उठवतच नसे, तेव्हा शेजारीण उंबरठ्यावर बसून एकटीच बडबडे.

भिंत बांधून झाली त्या दिवशी तो खोलीत आला, मांडीवर पोथी उघडली आणि भिंतीला टेकून बसला. इतके दिवस त्याने भिंतीला धरलं होतं. आता भिंतीने त्याला धरलं.

तात्पर्य: दुःखाला वाट दिली तर ते वाहून जातं, अडवलं तर माणसाची सगळी ताकद पिऊन टाकतं, म्हणून थकलेल्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या भिंतीला आपली पाठ लावून बघावी.