पंधरा अक्षरांची सोयरीक

"नवी बोलत नाही ते बरंच आहे. बोलली की उच्चार बाहेर पडतो. घराची दोन घरं व्हायच्या आत तिला कातरून टाक रे, कातऱ्या."

थोरली हे पोथीच्या घडीआड बोलली. घडीच्या पलीकडेच नवी बसली आहे, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

त्या राज्यात घरं अगणित होती आणि खिडकी एकालाही नव्हती. सगळं राज्य पाण्याच्या एका थेंबात मावत असे. प्रत्येक घरात एकच पोथी, चारच अक्षरांत लिहिलेली. उलगडली असती तर घराच्या हजारपट लांब भरली असती, पण घड्यांवर घड्या घालून ती आत बसवलेली होती. पोथीतली प्रत्येक ओळ जिवंत होती आणि आपापलं काम करी. कुणी साखर फोडी, कुणी भिंत लिंपी, कुणी जादा मीठ बाहेर लोटी. थोरली ही पहिली ओळ. दार तिच्या ताब्यात. परक्या ओळी कातरायचं काम कातऱ्याचं. घर भरून आलं की त्याची दोन घरं होत आणि पोथीची नक्कल दोन्हीकडे जाई.

भीती होती ती बाहेरच्यांची. सहा पायांचे, पैलू पाडल्यासारख्या डोक्याचे ते जीव भिंतीवर उतरत, अंग बाहेरच ठेवत आणि स्वतःची छोटीशी पोथी तेवढी आत सोडत. मग घर आपली कामं विसरून त्यांच्याच नकला काढत बसे, आणि शेवटी फुटे. आत एक शिरलेला असे, बाहेर शंभर पडत.

नवीही अशीच आली होती. पण तिची पंधरा अक्षरं घरातल्या ओझ्याशी जुळली. ओझ्या म्हणजे थोरलीचा मुलगा, दिवसभर माल वाहणारी एक गरीब ओळ. पंधरापैकी पंधरा जुळली म्हटल्यावर पोथी तिथे उसवली आणि नवी आत शिवली गेली. टाका इतका बारीक, की आपलं लग्न लागलंय हे ओझ्यालाही जरा उशिराच कळलं. घर फोडायची विद्या नवीच्या अंगात होती. त्या विद्येवर हात दाबून ती गप्प बसून राहिली. गप्प बसणं हे किती कष्टाचं काम आहे, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

घरचा रिवाज असा होता, की थोरलीची ओळ प्रत्येकाला पाठ हवी. जुन्यांना ती पाठच होती, म्हणून ती कधी कुणी वाचत नसे. नवीला पाठ नव्हती, म्हणून तिला वाचावी लागली. आणि वाचायला बसली ती वाचतच गेली.

घराचा एक सूर होता. चारांतल्या ठरावीक दोन अक्षरांवर जोर. नवीचा जोर उरलेल्या दोघांवर पडे. यालाच थोरली उच्चार म्हणे. पण मीठ लोटणारीच्या ओळीत मध्येच तो नवीचाच जोर ऐकू आला. नक्कल होता होता झिजलेला, पण तोच. मग विष गाळणारीत ऐकू आला. शेजाऱ्यांना धाक घालणारा जो भाला घरात मिरवत, त्याच्या ओळीत तर अगदी ठसठशीत. घडीमागून घडी उलगडत गेली. किती पिढ्या, किती उतरलेले, किती टाके! नवीला आपण फार लहान वाटलो, आणि मुळीच एकटं वाटलं नाही. शेवटी ती पुन्हा पहिल्या ओळीपाशी, थोरलीपाशी आली. तिथेही, खोल तळाशी, तोच जोर होता. तिने तीनदा वाचून पाहिलं आणि घडी मिटली.

मग बाहेरच्यांची धाड आली, नवीच्याच जातीची. शेजारची दोन घरं फुटली. या घराच्या भिंतीला भोक पडलं, परकी पोथी आत सरकली, आणि नवीने दुसरा हात लांब करून तिच्या तोंडावर ठेवला. पोथी तिथेच विरून गेली.

"पाहिलंत? आपली भिंत म्हणजे भिंत आहे!" मीठ लोटणारी म्हणाली.

"मग! लिंपलीय कुणी?" भिंत लिंपणारी म्हणाली. नवीचे दोन्ही हात गुंतलेले होते.

घर भरून आलं. नक्कल व्हायच्या आधी पोथी एकदा मोठ्याने वाचायची आणि वेगळ्या उच्चाराची ओळ कातरायची, असा नेम होता. वाचक उभा राहिला.

"पहिल्या ओळीपासून घेऊ ना?"

"पहिली काय वाचायची?" थोरली म्हणाली. "सगळ्यांना पाठ आहे. सरळ ओझ्याच्या शेजारी ये. इतर ओळी नंतर निवांत वाच."

"आई, ती असू दे ना," ओझ्या पुटपुटला. "तिचा काही त्रास नाही."

"तू ओझी वाहा."

वाचकाने नवीचं पहिलं अक्षर उच्चारलं, दुसरं उच्चारलं, आणि घरभर कुजबुज झाली. मीठ लोटणारीने नाक मुरडलं. कातऱ्याने पाती उघडली. एक पातं टाक्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला. कातरण्याआधी त्या ओळीला एक वाक्य बोलू द्यायचं, एवढी माणुसकी रिवाजात होती.

"वहिनी, काही म्हणायचंय?" कातऱ्याने खाली बघत विचारलं.

बाहेर भिंतीवर कुणीतरी उतरल्याचा आवाज झाला. सहा पाय. नवीने एक हात आपल्या विद्येवर तसाच ठेवला, दुसरा भिंतीकडे लांब केला, आणि पहिल्यांदाच मान वर करून थोरलीकडे पाहिलं.

"सासूबाई," ती म्हणाली, "तुमचं माहेर कुठलं?"