फटकळ आजीची भाकरी

फार पूर्वी, घरोघरी हातानेच दळण होत असे त्या काळी, एका गावात एक पाथरवट राहत होता. दळून दळून बायकोचा खांदा धरला, म्हणून तो पेटून उठला आणि त्याने एक नवंच जातं घडवलं. त्याच्या मधल्या खिळ्याशी एक लाकडी पाचर होती. पाचर सारली की वरचा दगड जरासा उचलला जाई आणि जातं असं हलकं फिरे की बायको हसायलाच लागली.

"अहो, हे तर एका हाताने फिरतंय! गावातल्या बायकांना द्या की!"

झालं! पाथरवटाच्या अंगात वारं शिरलं. महिनाभरात त्याने सात जाती घडवली आणि सात घरांत नेऊन बसवली. सहा घरांतून कौतुकच कौतुक! सातवं घर होतं एका म्हातारीचं. गाव तिला फटकळ आजी म्हणे, आणि उगाच म्हणत नसे. ती काहीच बोलली नाही. पाथरवटाला वाटलं, आजी गप्प आहे म्हणजे खूश आहे.

पंधरा दिवसांनी एक मोठा व्यापारी पाथरवटाच्या दारात गाडी थांबवून उतरला. जातं फिरवून बघितलं, पाचर काढून बघितली, आणि म्हणाला, "जत्रेला तीनशे जाती हवीत. दगड माझा, माणसं माझी, थैली माझी. तुम्ही फक्त हो म्हणा. पण कामाला उद्याच लागायचं."

तीनशे! पाथरवटाला आनंदाने काही सुचेना. "उद्या सकाळी सांगतो," एवढं कसंबसं म्हणून तो ही बातमी सांगायला गावभर पळत सुटला. सगळ्यात शेवटी पोचला आजीकडे.

आजीने ऐकून घेतलं. मग गरम भाकरी त्याच्यापुढे ठेवली. "खा."

पहिल्याच घासाला त्याच्या दातांखाली कचकन वाजलं.

"गेले आठ दिवस आम्ही दगड खातोय," आजी म्हणाली. "तोंडात पाच दात उरले होते, त्यातला एक तुझ्या जात्याने नेला. मी वाट बघत होते, हा बाबा कधी विचारायला येतो ते. तू आलास ते तीनशेची बातमी घेऊन!"

पाथरवटाचा चेहरा उतरला. तो तसाच उलटपावली बाकीच्या सहा घरी गेला. तिथेही पिठात कच होतीच. "तुम्ही एवढ्या हौसेनं दिलंत, भाऊ," एक वहिनी खाली बघत म्हणाली, "तुमचं मन कसं मोडायचं?"

सकाळी त्याने व्यापाऱ्याला हात जोडले. "शेठ, आठ दिवस थांबा. जात्यात खोट आहे."

"अहो, जत्रेत कोण भाकरी भाजून बघतंय?" व्यापारी हसला आणि निघाला तो थेट पलीकडच्या गावच्या पाथरवटाकडे. पाचर त्याने बघून ठेवलेलीच होती.

आपलं जातं दुसऱ्याच्या हातून जत्रेला जाणार! पाथरवटाला रडू आलं, खोटं कशाला सांगायचं. पण डोळे पुसून तो आजीच्या जात्यापाशी जाऊन बसला. आजीचं कुटुंब मोठं, ती एका बैठकीत दोन पायल्या ज्वारी दळायची. त्याने स्वतः मात्र घरी मूठभरच दळून पाहिलं होतं! तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं. फार वेळ दळलं की दगड तापतो, तापला की लाकडी पाचर आकसते, आणि वरचा दगड खालच्यावर घासायला लागतो. तो उठला, लोहाराकडे धावला, लोखंडी पाचर करून घेतली आणि बसवली. आजीने पुन्हा दोन पायल्या दळल्या, भाकरी भाजली, चावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "चांगलं झालंय."

त्याने लगेच सातही घरांतल्या पाचरी बदलल्या.

तिकडे जत्रेत तीनशे जाती दुपारपर्यंत हातोहात खपली. आणि पंधरा दिवसांत गाड्या भरभरून परत आली! लोक व्यापाऱ्याच्या दारात पीठ ओतून जायचे.

इकडे मात्र सात घरांतल्या बायका माहेरी गेल्या, बहिणींकडे गेल्या, आणि जिथे गेल्या तिथे जात्याचंच बोलल्या. बघता बघता बारा गावांतून माणसं येऊ लागली. पाथरवटाच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरेना!

एक दिवस व्यापारीही आला, थैली घेऊन, या वेळी जरा खालच्या आवाजात. "आता अटी तुमच्या," तो म्हणाला.

"एकच अट," पाथरवट म्हणाला. "घडवलेल्या प्रत्येक जात्यावर आधी दोन पायल्या दळायच्या. त्या पिठाची भाकरी तपासून आजी हो म्हणाल्या, तरच जातं गाडीत चढेल."

"आणि आजी नाही म्हणाल्या तर?"

अंगणातच भाकऱ्या भाजत बसलेली आजी चुलीपुढून उठली आणि तिने व्यापाऱ्यापुढे ताट मांडलं. "तर ती भाकरी तुम्ही खायची, शेठ."

तात्पर्य: पहिल्या सात घरांत आपला माल कसा चाललाय ते तिथे बसून बघावं, तक्रार करणाऱ्याकडे आधी जावं; तीनशेची घाई आणि दुसऱ्याची थैली त्यानंतर.