झुंबर आणि ताप मोजणारा धागा

एका गावात एक भोळा गडी होता. नाव झुंबर. त्याला कुणी "जरा थांब, आलोच" म्हणालं, की सकाळी उभा राहिलेला झुंबर संध्याकाळी तिथंच सापडायचा. वय पंचेचाळीस. मिशा मोठ्या, मन त्याहून मोठं. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

गाव लहान, पण दवाखाना मोठा. तिथं झुंबर सामान आणायचं-न्यायचं काम करायचा. एके दिवशी त्याच दवाखान्यात त्याची अनुसामावशी भरती झाली. झुंबरची आई तो रांगत असतानाच गेली होती. मावशीनंच त्याला वाढवलेलं. आता मावशीच्या डोक्यात सुपारीएवढी गाठ निघाली. गुरुवारी ऑपरेशन ठरलं.

झुंबर गावंडे सिस्टरांपुढं जाऊन उभा राहिला.

"सिस्टर, मावशीसाठी मला बी काम सांगा. सांगाल तस्संच करतो."

सिस्टर भल्या होत्या. त्यांनी काम सांगितलं. ही त्यांची चूक.

"हे बघ झुंबर. ऑपरेशनच्या मध्येच मावशींना मोठ्या यंत्रात सरकवून डोक्याचा फोटो काढणार. त्या यंत्रात भलंमोठं लोहचुंबक असतं. अंगाला धातूची तार असली तर ती तापते, माणूस भाजतो. म्हणून ताप मोजायला तिथं काचेचा धागा लावतात. केसासारखा बारीक. त्यातून उजेड जातो आणि अंग किती गरम आहे ते पडद्यावर दिसतं. असे दोन धागे आलेत. एक घेऊन ये."

झुंबर गेला. धागा त्यानं जन्मभर बघितलेला. चार बोटांभोवती गच्च गुंडाळला. गाठ मारली. उरलेलं टोक दातानं तोडलं.

"घ्या सिस्टर. गुंता व्हायला नको म्हणून गाठ मारलीय."

सिस्टरांनी गाठ बघितली. मग झुंबरकडं बघितलं. मग परत गाठीकडं.

"अरे, काच आहे ती! वाकवायची नसते! सरळ करायचं, आडवं धरायचं आणि हळूहळू चालायचं!"

"व्हय सिस्टर. आता डोक्यात पक्कं बसलं."

उरलेला एकुलता एक धागा सिस्टरांनी स्वतः आणला आणि कपाटात कुलपात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "झुंबर, वॉर्डातल्या दगडूआबांना फोटोच्या खोलीत घेऊन ये."

दगडूआबा ऐंशीचे. कमरेत पार कोयत्यासारखे वाकलेले. झुंबरनं त्यांना बघितलं आणि त्याच्या काळजात चर्र झालं.

"आबा, वाकायचं नसतं."

"आं?"

"मोडाल."

मग झुंबरनं दवाखान्याच्या बागेतल्या माळ्याला हाक मारली. माळ्याची लाकडी शिडी घेतली. तिच्यावर आबांना उताणं निजवलं, गुडघे दाबले, धोतरानं बांधलं. पुढं झुंबर, मागं माळी, मध्ये आबा. आबा ओरडत होते ते एसटी स्टँडवर ऐकू जात होतं. वळणावर शिडी अडकली, मग सुटली. लोक गोळा झाले. झुंबर मात्र हळूहळूच चालत होता.

सिस्टर धावत आल्या.

"माणसाला सरळ करायचं नसतं, झुंबर! आत न्यायच्या आधी एवढंच बघायचं, की लोखंड, पितळ, स्टील काही आहे का. असेल ते काढायचं, बाहेर ठेवायचं. बाकीचं आत आणायचं!"

"व्हय सिस्टर. आता डोक्यात पक्कं बसलं."

दुपारी डॉक्टर लोकांची बैठक होती. मावशीच्या ऑपरेशनचीच. झुंबरला चहा आणायला सांगितलं. कँटीनवाल्यानं स्टीलची किटली भरून दिली. दारापाशी झुंबर थबकला. स्टील! तेवढ्यात आठवलं म्हणून बरं झालं. त्यानं किटली बाहेर ठेवायची ठरवली. बाकीचं आत न्यायचं. बाकीचं म्हणजे चहा.

झुंबरनं डोकं लढवलं. रबरी हातमोज्यांचा खोका उघडला. आठ हातमोजे चहानं भरले. मनगटाशी गाठी मारल्या. आठ तपकिरी हात घेऊन तो बैठकीत शिरला आणि प्रत्येक डॉक्टरासमोर एकेक हात ठेवला.

मोठ्या डॉक्टरांनी समोरचा हात उलटसुलट करून बघितला.

"झुंबर," मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, "हे प्यायचं कुठून?"

"करंगळीपासून सुरू करा, साहेब. अंगठ्यात साखर जास्त बसलीय."

सिस्टरांनी एक हात चाचपला. "आणि पार गार केलास! अरे, आणायची वस्तू घोंगडीत गुंडाळावी, पोटाशी धरावी, पळत यावं! गार होऊ द्यायची नसते!"

"व्हय सिस्टर. आता डोक्यात पक्कं बसलं."

बुधवारी सिस्टरांनी त्याला बर्फ आणायला पाठवलं. झुंबरनं बर्फाची लादी घोंगडीत गुंडाळली. वर दुसरी घोंगडी. मध्ये गरम पाण्याची पिशवी. सगळं पोटाशी धरलं आणि भर उन्हात पळत सुटला. आला तेव्हा छातीपासून टाचेपर्यंत निथळत होता. घोंगडी त्यानं अभिमानानं उलगडली.

"सिस्टर, जरासुद्धा गार होऊ दिला नाही."

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या,

"बर्फ कशाला हवा होता, ते तरी ऐक. ताप मोजणारा नवीन आला, की तो आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. शून्य दाखवतो का बघायचं. मग कोमट पाण्यात बुडवायचा. सदतीस दाखवतो का बघायचं. दोन्हीकडं बरोबर निघाला, तरच पेशंटजवळ जाऊ द्यायचा. नाहीतर तुझ्या मावशीच्या जिवाशी खेळ होईल."

मावशीचा जीव म्हटल्यावर झुंबरचा चेहरा पडला. त्यानं दोन्ही कान पकडले.

"व्हय सिस्टर. आता डोक्यात पक्कं बसलं."

सिस्टरांनी दुसऱ्या कुणाकडून तरी बर्फ मागवला आणि धागा तपासला. शून्याला शून्य, सदतीसला सदतीस. सगळं ठीक होतं. गोष्ट तिथंच थांबायला हवी होती.

गुरुवार उजाडला. शहरातून मोटारीनं एक डॉक्टर आले. गोरेपान, गुबगुबीत, इस्त्रीच्या कपड्यांतले. झुंबर दारातच होता. त्यानं दोन मोठी पिंपं भरून ठेवली होती, एकात बर्फाचं पाणी, दुसऱ्यात कोमट, लागली तर असावीत म्हणून.

"मी डॉक्टर मोकाशी," ते म्हणाले. "अनुसाबाईंना भूल मी देणार. आणि ऑपरेशनभर त्यांचा ताप मोजणारा मीच."

"ताप मोजणारे तुम्ही?"

"हो."

"नवीन आलाय?"

"हा काय, आत्ताच."

"या इकडं," झुंबर म्हणाला आणि त्यानं डॉक्टरांना काखोटीला मारून उचललं.

बर्फाच्या पिंपातून जी किंकाळी उठली, तिनं छपरावरची कबुतरं उडाली. झुंबर हात जोडून उभा होता.

"साहेब, शून्य दाखवा."

"क-क-कोण आहेस तू?"

"शून्य, साहेब. माझ्या मावशीच्या जिवाचा प्रश्न आहे."

डॉक्टरांनी डोळे पांढरे केले. दोन्ही गोल गोल दिसले. झुंबरनं मान डोलवली. एक मागितलं तर दोन शून्यं दाखवणारा! माल भारी होता. मग त्यानं डॉक्टरांना उचलून कोमट पाण्यात सोडलं.

"आता सदतीस."

"हं," डॉक्टर डोळे मिटून पुटपुटले, "हे जरा बरं आहे."

तेवढ्यात गावंडे सिस्टर आल्या. त्यांनी कपाळाला हात लावला, चार माणसं बोलावली, डॉक्टरांना बाहेर काढलं, कोरडे कपडे दिले, आल्याचा चहा पाजला. कपात.

डॉक्टरांचे दात वाजायचे थांबले तेव्हा ते झुंबरला म्हणाले, "कान उघडे ठेवून ऐक. माणसाच्या अंगाला हात लावायच्या आधी त्याची सही घ्यायची असते! फॉर्मवर! दोन साक्षीदारांसमोर! सही नसेल तर बोटसुद्धा लावायचं नाही, मग काही का होईना!"

"व्हय साहेब. आता डोक्यात पक्कं बसलं."

ऑपरेशन चार तास चाललं. झुंबर दाराबाहेर भिंतीला टेकून उभा. आत तो केसाएवढा धागा मावशीच्या अंगाचा ताप सांगत राहिला, यंत्रात गेल्यावरसुद्धा. छत्तीस पूर्णांक आठ, ना वर ना खाली. फोटोत गाठीचा एक कोपरा राहिलेला दिसला, तोही काढला. डॉक्टर मोकाशी क्षणभरही पडद्यासमोरून हलले नाहीत. दोनदा शिंकले तेवढंच.

मावशीनं डोळे उघडले. पहिला शब्द बोलली, "झुंब्या, जेवलास का रं?"

झुंबर ढसाढसा रडला. मावशीचे पाय धरावेत असं त्याला फार वाटलं. पण सही नव्हती. त्यानं हात पाठीमागं बांधले आणि सात फुटांवरून पाया पडला.

दुपार कलताना डॉक्टर मोकाशी घरी जायला निघाले. झुंबर त्यांची पिशवी घेऊन मागून चालला. अंगणात पाण्याच्या नव्या टाकीसाठी खड्डा खणला होता. खड्ड्यात चिखल. वरून एक फळी. डॉक्टरांचा पाय घसरला आणि ते कमरेपर्यंत चिखलात गेले.

"झुंबर! हात दे!"

झुंबरनं हात पुढं केला. मग झटकन मागं घेतला.

"देतो साहेब. फॉर्म आणतो."

"अरे, फॉर्म कसला? मी खाली चाललोय!"

"मग काही का होईना, असं तुम्हीच म्हणालात."

झुंबर ऑफिसात गेला. फॉर्म आणला. माळी आणि कँटीनवाला असे दोन साक्षीदार आणले. सगळे खड्ड्याच्या काठावर बसले. डॉक्टर तोवर छातीपर्यंत गेले होते.

"रुग्णाचं नाव?"

"मोकाशी! लवकर!"

"वय?"

"बावन्न!"

"काय त्रास होतोय?"

"तू!"

झुंबरनं तेही लिहून घेतलं. मग त्यानं काठीच्या टोकाला फॉर्म आणि पेन बांधून खाली सोडलं. गळ्यापर्यंत बुडालेल्या डॉक्टरांनी एक हात वर काढून सही केली. झुंबरनं काठी वर ओढली. फॉर्म उजेडात धरला. उलटा करून बघितला. आडवा करून बघितला. साक्षीदारांना दाखवला. त्यांनीही माना हलवल्या.

"साहेब," झुंबर खड्ड्यात वाकून म्हणाला, "अक्षर कुणालाच लागत नाही. दम धरा, दुसरा फॉर्म आणतो. या वेळी जरा सुवाच्य काढा."