बद्द वाजलेला रुपया

ऐक गं कसोटीमाये, तुझी कहाणी. बायांनो, तांदूळ हातांत घ्या, आणि ती कोपऱ्यातली कुजबुज पुरे झाली.

एका आटपाट नगरात एक पोतदार होता. बाजारातले रुपये पारखून द्यायचा. म्हातारपणी त्याची नजर गेली, मग सून सगुणा ओसरीवर बसू लागली. तिचा कान मोठा तयार. सासू सांगे, "मुली, कसोटीमायेचा वसा घे. रुपया वाजवावा, दगडावर घासावा, काट्यात तोलावा. तिन्ही झाल्याशिवाय कोणाला खोटं म्हणू नये. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको." सगुणेनं वसा घेतला.

मग नाव झालं. मग गर्व झाला. मग दगड कोनाड्यात गेला नि काटा फळीवर. बाई नुसत्या आवाजावर निकाल देऊ लागली.

एका शुक्रवारी बाजाराची गर्दी, घरी पुरण शिजायचं राहिलेलं. सावकार आला. त्याचा रुपया खणखणला. सगुणा म्हणाली, "चोख." मागून भिवरा तेलीण आली. नवरा वारलेला, पदरी एक लेक. नवऱ्यानं ठेवलेला शेवटचा रुपया देऊन तिला घाण्यासाठी तीळ घ्यायचे होते. तो बद्द वाजला. सगुणा म्हणाली, "हिणकस."

भिवरा म्हणाली, "बाई, एकदा दगडाला लावून बघा."

"माझा कान चुकत नाही. चल, पुढं हो."

झालं, गावात बोभाटा झाला, तेलीण खोटे रुपये चालवते. वाण्यानं तीळ दिले नाहीत. कोणी तेल घेतलं नाही. कोणी दारात उभं केलं नाही. घाणा थांबला, मग चूल थांबली. असेल तो घास भिवरा लेकीला घाली, आपण पाणी पिऊन निजे. तिसऱ्या शुक्रवारी ती गेली. रुपया मुठीतच होता.

लेक चंद्री तो घेऊन ओसरीवर आली. म्हणाली, "आईनं सांगितलंय, एकदा दगडाला लावा."

सगुणेनं दगड काढला. रेघ पांढरीशुभ्र उठली. काट्यात घातला, वजन पुरं. काठाला केसाएवढी चीर होती, म्हणून आवाज बद्द. मग सावकाराचा रुपया मागवला. दिसायला जुळा भाऊ. त्याची रेघ तांबूस उठली.

सगुणा देवळात जाऊन रडली. "माये, माझं काय हवं ते घे, पण तिला परत दे."

कसोटीमाय म्हणाली, "ते मला येत नाही, बाई. ज्या तोंडानं बोललीस, त्याच तोंडानं फेड."

मग सगुणा तीन बाजार चावडीपुढं उभी राहिली. "रुपया खरा होता. भिवरा खरी होती. खोटी मी." पहिल्या बाजारी लोक हसले. दुसऱ्या बाजारी माना खाली घातल्या. तिसऱ्या बाजारी वाण्यानं आपणहून चंद्रीपुढं तीळ आणून ठेवले, बायांनी तेल मागितलं. पण ज्या बाईला हे ऐकायचं होतं, ती कुठं होती?

सगुणेनं पोरीला घरी नेलं, पोटच्या लेकीसारखी वाढवली. पोर गुणाची, सांगेल ते ऐके. पण सगुणेला कधी आई म्हणाली नाही. सगुणेनंही तिला 'म्हण' असं म्हटलं नाही.

बायांनो, सगुणेला उशिरा कळलं ते तुम्हां-आम्हांला वेळेवर कळो. कोणाचं खरं आपल्या तोंडून खोटं न ठरो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.