पहिल्या पंगतीतला आचारी

एका गावात नरहरी नावाचा एक आचारी राहत असे. मुंज असो, लग्न असो की देवळातला उत्सव, चुलीपाशी नरहरीच हवा. यजमान आधी त्याला विचारत आणि मग मुहूर्त धरत. त्याच्या आमटीचा वास सुटला की मांडवात गप्पा मारणारी माणसे नकळत पानांच्या दिशेने सरकू लागत.

नरहरी स्वतः मात्र कधी पंगतीत बसला नाही. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी काही चाखायचे नाही, म्हणून तो सगळा स्वयंपाक वासावर आणि हाताच्या अंदाजावर करी. आणि आचाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी जेवायचे, असा रिवाज होता. शेवटची पंगत उठेपर्यंत धुरानेच त्याचे पोट भरून गेलेले असे. मग तो भांडेभर ताक पिई आणि घरी जाई. यात आपले काही हरवते आहे, असे त्याला कितीतरी वर्षे वाटले नाही.

हळूहळू त्याची भूक गेली. भुकेच्या मागोमाग आणखीही काहीतरी गेले; त्याला नेमके काय म्हणावे, हे सांगणे कठीण आहे. फोडणी तडतडे, पण ती कुठेतरी शेजारच्या घरात तडतडते आहे, असे त्याला वाटे. हात सवयीने मीठ टाकत, सवयीने ढवळत. स्वयंपाक बिघडत नव्हता. लोक बोटे चाटत, वाहवा करत. त्यामुळे तर त्याला अधिकच एकटे वाटे.

वैद्याने पाचक दिले, ते त्याने घेऊन पाहिले. मग काही दिवस कामच घेतले नाही, घरी नुसता झोपून राहिला. पाठ दुखायची थांबली, पण चुलीपुढे बसावे असे काही वाटेना. संध्याकाळी तो ओट्यावर बसे. घराघरांतून भाकरी भाजल्याचा वास येई. तरुणपणी या वासाने त्याची पावले घराकडे धावत सुटत. आता वास नुसता येई आणि जाई. गावाला गेलेल्या माणसाची वाट पाहावी, तशी तो आपल्या जुन्या भुकेची वाट पाहत बसे.

"अहो, आत या. पानं घेतलीत," त्याची बायको द्वारका हाक मारी.

"तू जेव. मला इच्छा नाही."

"रोज मीच जेवू का दोघांचं?" ती म्हणे, आणि मग तीही थोडेसेच जेवून उठे.

अशात गावातले तात्या ऐंशीच्या पुढे गेले. मुलांनी त्यांचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरवले. स्वयंपाक अर्थातच नरहरीचा. सोहळ्याच्या दिवशी सकाळी तात्या चुलीपाशी आले, तेव्हा नरहरी म्हणाला, "तात्या, हे माझं शेवटचं कार्य. यापुढे दुसरा आचारी बघा."

"का रे? हात दुखतात?"

"हात चांगले आहेत. मनच लागत नाही."

"मग काय हवंय तुला? बिदागी वाढवून हवी?"

"भूक हवी आहे," नरहरी म्हणाला.

तात्या हसले. मग नरहरीचा चेहरा पाहून हसायचे थांबले. "आज माझ्या शेजारी पहिल्या पंगतीला बस," ते म्हणाले.

"भलतंच काय, तात्या! आचारी पहिल्या पंगतीला? मागे भात कोण बघेल?"

"तुझ्या हाताखालची माणसं बघतील. करपला तर करपला. तू बसला नाहीस तर मीही बसणार नाही. मग सांग लोकांना, उत्सवमूर्ती उपाशी का ते."

नरहरीचा नाइलाज झाला. तो हात धुऊन पाटावर बसला खरा, पण त्याचे लक्ष मागे होते. वाढप्याने चटणी पानाच्या उजवीकडे वाढली, तसा तो ताडकन उठू लागला. "अरे, डावीकडे, डावीकडे!"

तात्यांनी त्याचे धोतर धरून त्याला खाली बसवले. "आज तू पाहुणा आहेस. पाहुण्याने तोंड फक्त खायला उघडायचं."

मागून भाताच्या हंड्याचा आवाज आला. हंडा कोणी वेडावाकडा उतरवला असणार. नरहरीचे पाय शिवशिवले. या घटकेला उठून जाणे त्याला फार सोपे होते. तो उठला नाही.

कोशिंबीर आली, भाजी आली, भाताची मूद आली, वरण आले, आमटी आली. तूप येईना. तूप वाढून श्लोक होईपर्यंत जेवायचे नाही. अशा वेळी पडद्यामागून 'चला, हात उचला' म्हणून वाढप्यांवर ओरडणारा नरहरीच असे. पंगतीच्या बाजूने हे थांबणे कसे असते, ते त्याला ठाऊक नव्हते. शेजारी एक म्हातारा गडी भाताकडे असा टक लावून बसला होता, जणू नजर काढली तर भात उठून जाईल. नरहरीने आधी त्याच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या पानाकडे. वरणाची वाफ वर येत होती. हिंगाचा वास आला आणि या वेळी तो निघून गेला नाही. पोटात काहीतरी हलले.

तूप आले. श्लोक झाला. नरहरीने पहिला घास घेतला, मग दुसरा. आमटीचा भुरका मारला आणि त्याचे डोळे भरून आले. किती पंगती त्याने नुसत्या ऐकल्या होत्या!

"काय रे, तिखट लागलं?" तात्यांनी विचारले.

"गूळ कमी पडलाय, तात्या."

"मला तर छान लागते."

"नाही, कमी आहे," नरहरी म्हणाला, आणि स्वतःची चूक सांगताना माणूस इतका आनंदलेला तात्यांनी कधी पाहिला नव्हता. त्याने दोनदा भात मागून घेतला.

दुसरी पंगत बसण्याआधी तो चुलीपाशी पोहोचला होता. त्याने आमटीत गूळ सोडला, ढवळले, थेंबभर तळहातावर घेऊन चाखले आणि मान हलवली. तात्या हात पुसत मागे आले. "मग? नातीच्या लग्नाला दुसरा आचारी बघू ना?"

"जिलबी करू," नरहरी पातेल्यातून नजर न काढता म्हणाला. "पण गरम गरम खायला मी तुमच्या शेजारी बसणार."

तात्पर्य: विश्रांतीने अंगाचा शीण जातो, पण कामाची ओढ तेवढ्याने परत येत नाही; त्यासाठी आपण जे इतरांना देतो, त्याची चव कधीतरी घेणाऱ्यांच्या शेजारी बसून आपणही घ्यावी.