खवली आणि घळीतली शाळा

करवंदीच्या जाळ्यांनी वेढलेल्या एका जंगलात खवल्या मांजराची एक मुलगी राहत असे. सगळे तिला खवली म्हणत. मुलांनो, खवले मांजर तुम्ही पाहिले नसेल तर एवढे लक्षात ठेवा : अंगभर कौलांसारखे खवले, तोंडात एकही दात नाही, डोळे मंद, पण नाक असे, की मातीखाली मुंगीने कूस बदलली तरी कळावे. आणि घाबरले, की ते तोंड पोटात खुपसते, वरून शेपटी ओढून घेते आणि त्याचा घट्ट चेंडू होतो. हा चेंडू वाघालाही उलगडत नाही.

त्या जंगलात दर हिवाळ्यात सगळ्या पिल्लांची परीक्षा होई. उडी, धाव, आरोळी आणि शेवटी तोंडी प्रश्न. परीक्षक बगळा. तो डिंकात कालवलेल्या चुन्याचे ठिपके शेपटीवर लावी. जितके गुण, तितके ठिपके. कोल्ह्याच्या मुलाची शेपटी तर पार पांढरी झाली होती. खवलीला उडी जमेना, आरोळी फुटेना, आणि बगळ्याने नुसते "हं, सांग!" म्हटले, तोच तिचा चेंडू झाला. तिच्या शेपटीवर जेमतेम चार ठिपके पडले.

आणि तिला जायचे होते घळीतल्या शाळेत!

ही शाळा एका म्हाताऱ्या तरसबाईंची. तिथे माग काढायला शिकवत. कळपातून चुकलेले पाडस कुठे गेले, आटलेल्या डोहातले मासे कुणी नेले, हे तिथे शिकलेले प्राणी नुसत्या वासावरून सांगत. खवली लहानपणापासून वाटेतला प्रत्येक वास हुंगत थांबे. प्रत्येक वास तिला अर्धीच सांगितलेली गोष्ट वाटे आणि उरलेली अर्धी ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पण शाळेत दर वर्षी मोजकीच पिल्ले घेत, तीही लहान वयाची. पुढच्या वर्षी खवलीचे वय उलटणार होते. मग काय, जन्मभर मामांबरोबर वारुळावर मुंग्या खात बसायचे.

"अगं, चार ठिपके तुझे," मामा म्हणाले. "तिथे पांढऱ्या शेपट्यांची रांग लागते. नाही म्हणणार ते."

"तुम्हाला म्हणाले का तसं?"

"म्हणायला कशाला हवं? कळतं आम्हाला. चार पावसाळे जास्त पाहिलेत."

"पावसाळे पाहिलेत, शाळा कुठे पाहिलीत? मी विचारून येते."

तेवढ्यात गप्पा मारायला आलेले साळिंदरकाका पाठीवरचे काटे खुळखुळवत म्हणाले, "जायचंच असेल तर शेपटी चिखलात लोळवून घे, पोरी. नाहीतर बगळ्याच्या घरट्याखाली घटकाभर बस. फुकटात पांढरी होईल!"

दोघेही पोट धरून हसले. मोठ्यांचे हे असेच असते. आधी म्हणायचे, जाऊ नकोस. आणि निघालोच, तर म्हणायचे, खोटे बोल. सरळ जाऊन खरे सांगावे, हा तिसरा रस्ता त्यांना कधी सुचतच नाही. खवलीने ओढ्यावर जाऊन शेपटी घासूनपुसून स्वच्छ केली. चारही ठिपके लांबूनसुद्धा दिसू लागले. तशीच ती घळीकडे निघाली.

ऊन कलले होते. पिल्ले जमली तेव्हा तरसबाई खडकावर बसूनच म्हणाल्या, "सकाळी एक प्राणी इथून गेलाय. त्याचा माग काढा. जिथे संपेल तिथून परत या आणि मला सांगा. अंधार पडायच्या आत."

कोल्ह्याचा मुलगा सुसाट सुटला. त्याच्या मागे बाकीचे. खवली मात्र नाक जमिनीला लावून सावकाश निघाली. वास भेकराचा होता. पुढचा उजवा पाय जमिनीवर अर्धवटच टेकत होता. लंगडत असावे बिचारे. खवलीला इतका आनंद झाला, की आपण परीक्षा देत आहोत हेच ती विसरली. वास करवंदीखालून गेला, दगडांवरून गेला, ओढ्याशी आला, पाण्यात उतरला आणि नाहीसा झाला.

ती काठाने वर गेली, खाली गेली, पलीकडेही गेली. काही नाही. दुरून कोल्ह्याच्या मुलाचा आवाज आला, "इकडे, इकडे! माझ्या मागे या!" खवलीचे पाय क्षणभर तिकडे वळले. पण तो कोल्ह्याचा माग झाला असता, भेकराचा नाही. ती पुन्हा पाणी हुंगत राहिली. सावल्या लांबल्या आणि तिला हात हलवत परतावे लागले.

तरसबाई एकेकाला विचारत होत्या.

"मोहाच्या झाडाखाली, बाई!" कोल्ह्याचा मुलगा छाती फुगवून म्हणाला.

"नक्की?"

"अगदी नक्की."

त्याच्या मागचे सगळे तेच म्हणाले. एका रानमांजराने तर तिथे पावलेही पाहिली होती.

"आणि तू गं?"

झाले! खवलीचा चेंडू झाला. आणि चेंडू झाला, की शेपटी येते वर. चार ठिपके सगळ्यांच्या समोर!

"चारच!" कुणीतरी खिदळले.

"बाई, ही वाट चुकली असेल," कोल्ह्याचा मुलगा म्हणाला. "मुंग्यांची शाळा पलीकडे भरते."

चेंडूच्या आत उबदार अंधार होता. तिथे कुणी तिला हात लावू शकले नसते. पण तिथेही मामांचा आवाज पोचला : 'कळतं आम्हाला.' खवलीला असा राग आला! आपण आतच बसलो, तर शाळेने नाही म्हणायच्या आधी आपणच नाही म्हटल्यासारखे होईल.

"मला माग लागला नाही," ती आतूनच म्हणाली.

"मोठ्याने. पोटातलं बोलणं मला ऐकू येत नाही."

शेपटी जरा सरकली. नाक बाहेर आले. "भेकर होतं. पुढच्या उजव्या पायाने लंगडत होतं. ओढ्यापर्यंत आलं, पाण्यात उतरलं आणि तिथे वास सुटला. दोन्ही काठ पाहिले. पुढचं मला माहीत नाही." मग एका दमात ती म्हणाली, "आणि हो, ठिपके चारच आहेत. उडी येत नाही. कुणी प्रश्न विचारला, की असं होतं. पण पाण्यात वास का सुटतो, ते मला शिकायचंय."

तरसबाई हसल्या. तरसाचे हसणे ते! झाडावरची पाखरे उडाली.

"भेकर मोहाखाली गेलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "पाण्यातून चालत खाली गेलं. तिथला माग अजून कुठल्याही नव्या पिल्लाला लागलेला नाही. तो लावायला तर आम्ही शिकवतो! मी इथे बसते ती एवढंच ऐकायला, की तुमचा माग कुठे सुटला." त्या कोल्ह्याच्या मुलाकडे वळल्या. "धावतोस छान. पण चुकलास हेच तुला ठाऊक नाही, तर तुला शिकवू कुठून? लहान आहेस अजून. पुढच्या वर्षी ये, एकटा ये."

मग खवलीला म्हणाल्या, "इथे उडी लागत नाही. प्रश्न मात्र मी रोज विचारणार. चेंडू झालीस तर उत्तर येईपर्यंत समोर बसून राहीन."

"चालेल, बाई!"

खवली घरी पोचली तेव्हा मामा वारुळापाशी बसले होते. "काय म्हणाले?"

"उद्यापासून ये म्हणाले."

"चार ठिपक्यांवर?"

"चार ठिपक्यांवर."

वाटभर खवलीने मामांसाठी एक झणझणीत उत्तर तयार केले होते. ती ते बोलणार, एवढ्यात मामा आपल्या शेपटीकडे पाहत हळूच म्हणाले, "मला सहा होते गं. मी विचारायला गेलोच नाही."

खवलीने ते उत्तर गिळून टाकले. ती मामांच्या शेजारी बसली, तिने पंज्याने वारूळ फोडले आणि पहिला घास त्यांच्यापुढे सरकवला. मग तिने त्यांना पाण्यात सुटलेल्या वासाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. मामांनी ती एकदाही मध्ये न बोलता ऐकली.

तात्पर्य : आपले उणे लपवू नये, ते घेऊनच दार ठोठावावे; नकार द्यायचाच असेल तर तो दारातल्यांनी द्यावा, घरातल्यांनी आधीच देऊन टाकू नये.