महाराजांच्या शिऱ्यावर अभिप्राय

"खोटं बोलाल तर शाळेतून बाहेर! माझ्या शिऱ्याला नावं ठेवाल तरी बाहेर! आणि गप्प बसाल तर सगळ्यात आधी बाहेर!"

रणधुंद महाराजांनी हातातला डाव पातेल्यावर आपटला आणि अख्खी पंगत थिजली.

पंगत होती महाराजांच्या व्यापारशाळेची. देशोदेशीची मुलं तिथे व्यापार शिकायला यायची, आणि शेवटच्या दिवशी महाराज स्वतः कमरेला पंचा गुंडाळून त्यांच्यासाठी शिरा ढवळायचे. राजघराण्याची रीत अशी, की रांधताना चाखायचं नाही, आणि पंगत उठल्याशिवाय यजमानाने आपलं पान मांडायचं नाही. त्यामुळे साखरेऐवजी मीठ पडलंय हे पंगतीत सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या महाराजांना!

"महाराज, हे कसं जमायचं?" प्रधानजी पुटपुटले. बिचाऱ्यांना तोंडातला घास गिळवेना आणि टाकवेना.

"का नाही जमायचं? उद्या ही मुलं पेढ्या चालवणार. समोरच्याला खरं तर सांगायचं, पण त्याला दुखवायचं नाही. एवढंही येत नसेल, तर पदवीचा शेला कशाला हवा? चला, द्या अभिप्राय!"

पहिला उठला गोंझा. त्याच्या बर्फाळ देशात मनातलं थेट तोंडावर फेकतात. "महाराज, हा शिरा माझा घोडासुद्धा खाणार नाही!"

"बाहेर!"

मग मिरासू. त्याच्या देशात शेजाऱ्याचं घर पेटलं तरी 'आज तुमच्याकडे उजेड छान पडलाय' म्हणायची पद्धत. "महाराज, असं अमृत स्वर्गातही मिळायचं नाही!"

"अस्सं? मग अजून वाढतो!"

मिरासूचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला. "नको... पोट भरलं..."

"लबाडा! बाहेर!"

आता पाळी तिमाळीची. दूरच्या बेटावरच्या नारळवाल्या शेतकऱ्याची ही मुलगी. शेला पांघरूनच होडीतून उतर, सगळं गाव किनाऱ्यावर येणार आहे, असं बाबांनी बजावून पाठवलं होतं. आता काय, रिकाम्या खांद्याने उतरायचं? गोड बोलावं तर पकडली जाणार, खरं बोलावं तर हाकलली जाणार!

"घे गं पोरी, लाजतेस काय!" महाराजांनी तिच्या पानात आणखी एक डाव वाढला. "आग्रहाला नाही म्हणायचं नसतं आमच्याकडे!"

तिमाळी एकदम ताठ बसली. या देशात आल्यापासून तिने हेच तर पाहिलं होतं! ज्याच्या घरी जावं तो वाढतच सुटायचा, आणि नको म्हटलं की वर्षभर रुसून बसायचा. ती उठली, चिमटीत घास घेतला आणि तडक महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझे बाबा सात समुद्रांपलीकडे. ते इथे असते तर आज त्यांना भरवलं असतं. तुमच्याकडे लेकीचा घास कोणी नाकारतं का हो?"

"अगं, पण पंगत उठायचीय अजून! रीत मोडेल!"

"पान कुठे मांडतेय मी? एकच घास! तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ!"

महाराज विरघळले. त्यांनी आ केला. घास आत गेला, आणि महाराजांच्या मिशा ताठ उभ्या राहिल्या, डोळे बाहेर आले!

"थू! थू! पाणी! अरे, कुठल्या गाढवाने केलाय हा शिरा? नुसतं मीठ!"

प्रधानजी छत न्याहाळू लागले. महाराजांची नजर हळूच स्वतःच्या हातातल्या डावाकडे गेली.

तिमाळीने तांब्या पुढे केला. "वा महाराज! अभिप्राय द्यावा तर असा! एक शब्द खोटा नाही आणि गप्पही बसला नाहीत. पण शिऱ्याला नावं तेवढी ठेवलीत. तेव्हा नियमाप्रमाणे तुम्हीही बाहेर! आपला घोडा दाराशी आणवू का?"

महाराज असे खो-खो हसत सुटले की पंचा सावरता सावरेना.

"आणि दुखावलात का हो?" तिमाळीने विचारलं.

"कोणावर रागावू, पोरी? गाढव म्हणालो तो मीच, आणि गाढवही मीच!" महाराजांनी डोळे पुसले. "बोलवा त्या दोघांना परत! आणि हिला शेला पांघरा! तिमाळी, तू माझ्या जहाजातून घरी जाशील, नगारे वाजवत! पुढल्या वर्षी मात्र इथेच यायचं. या शाळेत अभिप्राय कसा द्यायचा ते तूच शिकवायचंस!"

"येईन महाराज," तिमाळी म्हणाली, "पण पंगतीला हलवाई बोलवणार असाल तरच!"